दंतवैद्यकातील रुग्णसुरक्षा

दात, हिरड्या व जबडा यांवर उपचार करीत असता रुग्णास मूळ रोगामुळे नव्हे, तर उपचारामुळेच होऊ शकणारी टाळण्याजोगी इजा रोखण्यासाठी योजावयाच्या सर्व उपायांचा समावेश या संज्ञेत होतो. इजा आणि चूक या भिन्न गोष्टी आहेत. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांलगत जबड्याच्या हाडातून एक तंत्रिका (मज्जातंतू) जाते. दाढ काढताना सर्व काळजी घेऊनही तीस धक्का बसून ओठ काही काळ बधिर राहू शकतो. हा उपचाराचा ज्ञात उपद्रव असून त्याची पूर्वकल्पना रुग्णास देणे एवढेच दंतवैद्याच्या हाती असते. याउलट उजवीकडील दाढ काढावयाची असता डावीकडील काढली जाणे, ही चूक होय. मग दाढ कितीही कौशल्याने काढलेली असो. निष्काळजीपणा ही तिसरी गोष्ट असून ती मुख्यतः कायद्याची संज्ञा आहे. बहुसंख्य चुका निष्काळजी व्यक्तींकडून नव्हे, तर अनुभवी व काळजी घेणाऱ्या व्यक्तींकडून नेहमीच्या कामाच्या ओघात घडतात. त्यामुळे केवळ ‘अधिक सावध राहा’ असे सांगून त्या टळत नाहीत. चूक होणे अवघड जावे आणि झालीच, तर ती रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी लक्षात यावी, अशी कामाची मांडणी करणे, हे या विषयाचे मुख्य सूत्र आहे.

रुग्णालयातील चुकांकडे जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या १९९९ च्या अहवालामुळे. टाळता येण्याजोग्या चुकांमुळे अमेरिकेच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात होता. दंतवैद्यकाकडे मात्र हे लक्ष बरेच उशिरा वळले. दातांच्या उपचारात मृत्यू क्वचितच येतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण व्यवसायाच्या स्वरूपात आहे. शल्यक्रियागृहात शल्यचिकित्सक, शुद्धिहरणतज्ञ (भूल देणारा वैद्य) व परिचारिका यांच्यापैकी कोणाच्या तरी ध्यानात चूक येण्याचा संभव असतो. दंतवैद्य बहुधा एकट्याने, फार तर एका साहाय्यकासह काम करतो. निदान करणारा, औषध देणारा, शस्त्रक्रिया करणारा आणि उपकरणांच्या स्वच्छतेस जबाबदार असणारा, असा तो एकच असतो. रुग्ण जागा असतो, परंतु तोंड उघडे, जीभ व ओठ बधिर आणि तोंडात उपकरणे, अशा स्थितीत ज्याला चूक सर्वांत आधी कळू शकली असती त्यालाच बोलता येत नाही. खाजगी चिकित्सालयात घडलेली चूक सहसा त्या चार भिंतींतच राहते आणि तिच्यापासून इतरांना काही शिकता येत नाही.

चुकीचा दात काढणे : दंतवैद्यकातील विशिष्ट व सर्वांत बोलकी अशी ही चूक होय. प्रौढाच्या मुखात ३२ आणि बालकाच्या मुखात २० दात असतात. उजव्या व डाव्या बाजूंचे दात परस्परांचे आरशातील प्रतिबिंब असल्यासारखे आणि शेजारचे दात बऱ्याच अंशी एकसारखे असतात. दंतवैद्य रुग्णासमोर असल्यास त्याचा उजवा हात रुग्णाच्या डाव्या बाजूस येतो. त्यात दात दर्शविण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. व्हिएन्नाचे आडोल्फ झिगमोंडी यांनी १८६१ मध्ये मुखाचे चार चतुर्थांश पाडून प्रत्येकातील कायम दातांना मधून मागे १ ते ८ असे क्रमांक देण्याची पद्धत सुचविली. तीत चतुर्थांश काटकोनी रेघेने दाखवावा लागतो. ही रेघ तोंडी सांगता येत नाही व टंकलेखनातही अडचण होते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या पद्धतीत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून प्रारंभ करून १ ते ३२ असे सलग क्रमांक देतात व दुधाच्या दातांना रोमन अक्षरे वापरतात. आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाने १९७० मध्ये बूखारेस्ट येथे दोन अंकी पद्धत स्वीकारली. तीत पहिला अंक चतुर्थांशाचा (कायम दातांसाठी १ ते ४, दुधाच्या दातांसाठी ५ ते ८) व दुसरा दाताचा असतो. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तीस मान्यता दिली व भारतातही ती वापरली जाते.

या पद्धतींतील अंक एकच, पण अर्थ निराळे, ही खरी अडचण आहे. दोन अंकी पद्धतीत १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ, तर अमेरिकन पद्धतीत १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. पहिल्या पद्धतीत ११ हा वरचा उजवा मधला पटाशीचा दात, तर दुसऱ्या पद्धतीत वरचा डावा सुळा. परदेशी वास्तव्य करून आलेला रुग्ण तेथील कागदपत्रे घेऊन येतो, तेव्हा केवळ अंकावर विसंबून दात काढणे धोक्याचे ठरते. दोन अंकी पद्धतीतील आकडा ‘अठरा’ असा न उच्चारता ‘एक-आठ’ असा उच्चारावा, असा संकेत याच हेतूने पाळला जातो. चिठ्ठीत अंकाबरोबर ‘वरची उजवी तिसरी दाढ’ असे शब्दांतही लिहिल्यास संदेहास जागा उरत नाही.

अंक बरोबर असूनही दात चुकतो, अशी स्थळे ठरलेली आहेत. पहिली दाढ लहानपणी गेलेली असेल, तर मागची दुसरी दाढ हळूहळू पुढे सरकून तिच्या जागी येते व पाहणाऱ्यास पहिलीच वाटते. दात वेडेवाकडे असल्यास ते सरळ करण्यासाठी जागा मिळावी म्हणून निरोगी उपदाढा काढाव्या लागतात. अशा वेळी दंतसुधारणेचा तज्ञ चिठ्ठी देतो आणि दात दुसराच दंतवैद्य काढतो. काढावयाच्या दाताला कीड नसल्याने तो ओळखण्याची कोणतीही खूण मुखात नसते. क्ष-किरण फिल्मवर बाजू दर्शविणारा एक उठावदार ठिपका असतो. तो उलटा ठेवून फिल्म पाहिली, तर उजव्याचे डावे होते. संगणकावरील प्रतिमाही चुकीने उलटी साठविली जाऊ शकते.

सर्वांत अधिक हळहळ वाटावी असा प्रकार बालकांच्या बाबतीत आढळतो. पहिली कायम दाढ सुमारे सहाव्या वर्षी, कोणताही दुधाचा दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. दात पडलेला नसल्याने ती दुधाचीच आहे, असे पालक समजतात. लवकर किडणारी हीच दाढ. ‘पडणारच आहे, काढून टाका’, हा पालकांचा आग्रह दंतवैद्याने तपासून न पाहता मानला, तर मुलाची आयुष्यभराची दाढ जाते. दुधाच्या दाढा दोनच असतात. मागून पुढे मोजण्याऐवजी पुढून मागे मोजल्यास सहाव्या स्थानी येणारी दाढ ही कायम होय, एवढी मोजणी पुरेशी असते.

यावरील उपाय साधे आहेत. प्रथम, रुग्णाच्या हाती आरसा देऊन ‘कोणता दात दुखतो’, हे त्याच्याकडूनच दाखवून घ्यावे, ‘हाच ना?’ असे विचारल्यास रुग्ण संकोचाने होकार देतो. नंतर चिठ्ठी, क्ष-किरण चित्र व मुख या तिन्हींचा मेळ घालावा व साहाय्यकाने दाताचे नाव मोठ्याने उच्चारावे. हे सर्व बधिरक टोचण्यापूर्वी आणि पुन्हा चिमटा दाताला लावण्यापूर्वी करावे, कारण या दोन क्षणांमधील काही मिनिटांत दंतवैद्य बहुधा दुसऱ्या रुग्णाकडे जाऊन आलेला असतो. मेळ बसत नसेल, तर दात त्या दिवशी काढू नये. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत चुकीचा दात काढणे ही गोष्ट ‘कदापि घडू नये’ अशा घटनांच्या यादीत होती. ती रोखणारे अडसर पुरेसे भक्कम नसल्याचे मान्य करून २०२१ मध्ये या घटना त्या यादीतून वगळण्यात आल्या. चूक क्षम्य ठरविणे, असा याचा अर्थ नाही. औषधवायूच्या नळीला जशी चुकीची जोडणी बसूच नये अशी रचना करता येते, तशी रचना दाताच्या बाबतीत अद्याप कोणाला साधलेली नाही, याची ती कबुली होय.

दात बरोबर काढला, परंतु काढण्याचा निर्णयच चुकीचा, असेही घडते आणि कधीकधी अवघा व्यवसाय अशी चूक करतो. विल्यम हंटर या इंग्रज वैद्यांनी १९१० मध्ये माँट्रिऑल येथे दिलेल्या व्याख्यानानंतर शरीरातील नाना विकारांचे मूळ दातांतील पूयात (पुवात) असते, ही कल्पना बळावली. संधिवातापासून मनोविकारापर्यंत सर्वांवर उपाय म्हणून असंख्य रुग्णांचे दात सरसकट काढण्यात आले. अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन यांनी तर रुग्णांचे दात काढण्याची मोहीमच चालविली. पुढील संशोधनात ही उपपत्ती त्या स्वरूपात टिकली नाही. गेलेले दात अर्थातच परत आले नाहीत.

औषधे व बधिरीकरण : दात काढण्यापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास विचारणे हा उपचाराचाच भाग होय. पेनिसिलिनाची ॲलर्जी, मधुमेह, उच्च रक्तदाब, गर्भारपण, हृदयातील कृत्रिम झडप आणि चालू असलेली औषधे यांची माहिती प्रत्येक भेटीत नव्याने विचारावी लागते. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा रुग्ण ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारताच रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगतो, हा नित्याचा अनुभव आहे. वॉरफरिनासारखी रक्तक्लथनरोधक (रक्त गोठू न देणारी) औषधे दात काढण्यासाठी परस्पर बंद करणे, ही जुनी सवय आता घातक मानली जाते. रक्ताची तपासणी करून आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर ४ पेक्षा कमी असल्यास साधा दात सामान्यतः औषध चालू ठेवून काढता येतो. जखमेतील रक्तस्राव दाबाने व टाक्याने थांबविता येतो, मेंदूतील किंवा हृदयातील गुठळी तशी काढता येत नाही. हाडांच्या ठिसूळपणावर व कर्करोगात दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून लक्षात आले आहे. रुग्णाला मात्र ती ‘हाडांच्या शक्तीची गोळी’ वाटत असल्याने तो तिचा उल्लेख करीत नाही.

हृदयाच्या आतील अस्तराचा जंतुजन्य शोथ (दाहयुक्त सूज) टाळण्यासाठी दात काढण्यापूर्वी प्रतिजैव औषध देण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ती कृत्रिम झडप, पूर्वी झालेला असा शोथ, काही जन्मजात हृद्‌विकार यांसारख्या अधिक धोक्याच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. औषध न देणे जशी चूक होऊ शकते, तशीच प्रत्येकाला ते देणे हीही चूकच होय.

स्थानिक बधिरक म्हणून लिडोकेन (लिग्नोकेन) सर्वाधिक वापरले जाते. स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केले. हे औषध सुरक्षित आहे, पण त्याची मात्रा शरीराच्या वजनावर अवलंबून असते आणि नेमके हेच विसरले जाते. दर किग्रॅ. वजनास सु. ४.४ मिग्रॅ. ही सावध मर्यादा मानतात. २ टक्के विद्रावाच्या प्रत्येक मिलि.मध्ये २० मिग्रॅ. औषध असते. यावरून ६० किग्रॅ. वजनाच्या प्रौढास सु. १३ मिलि. विद्राव चालेल, परंतु १५ किग्रॅ. वजनाच्या बालकास ३.३ मिलि. ही कमाल मर्यादा ठरते. एकाच बैठकीत मुखाच्या चारही भागांत उपचार करावयाचे ठरविल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग प्रथम चुळबुळ व कंप, नंतर झटके आणि अखेर श्वसन व हृदयक्रिया मंदावणे, असा क्रम आढळतो. म्हणून बालकाचे वजन करून मात्रा आधी कागदावर मांडणे आवश्यक असते. टोचण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढून सुईचे टोक रक्तवाहिनीत नसल्याची खात्री करतात. बालक घरी गेल्यावर बधिर ओठ चावून जखम करून घेते. पालकांना दोन वाक्यांत सूचना दिल्यास हे टळते.

बधिरक, लवणविद्राव (सलाइन) आणि दंतमूलातील पोकळी धुण्यासाठी वापरण्यात येणारा सोडियम हायपोक्लोराइटाचा विद्राव हे तिन्ही द्रव एकाच तबकात सारख्याच पिचकाऱ्यांत भरून ठेवलेले असतात. हायपोक्लोराइट म्हणजे वस्तुतः कपडे विरंजित (रंग घालविण्यासाठी) करण्यासाठी वापरतात तेच रसायन होय. बधिरकाऐवजी ते हिरडीत टोचले गेल्याच्या, तसेच दाबाने मुळाबाहेर ढकलले गेल्याच्या घटना नमूद आहेत. अशा वेळी तीव्र वेदना, चेहऱ्यावर झपाट्याने सूज व ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) नाश होतो. प्रत्येक पिचकारीवर भरतानाच नाव लिहिणे, हायपोक्लोराइटासाठी वेगळ्या आकाराची पिचकारी व टोकाऐवजी बाजूस छिद्र असलेली सुई वापरणे, हे प्रतिबंधक उपाय आहेत. आडव्या खुर्चीत घशाकडे निसटणारी सूक्ष्म कानस, दाताची टोपी किंवा खिळा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. न्यूयॉर्कचे सॅन्फर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये दात कोरडा ठेवण्यासाठी रबराचा पातळ पडदा प्रचारात आणला. हाच पडदा (रबर डॅम) आज कानस व हायपोक्लोराइट या दोहोंपासून घशाचे रक्षण करतो. वेळ जातो म्हणून तो न वापरण्याचे समर्थन करता येत नाही.

शुद्धिहरण करून दात काढण्याची पद्धत दंतवैद्यांनीच रूढ केली. हॉरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडाचा, तर विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये ईथराचा प्रयोग केला. मात्र खुर्चीत पूर्ण शुद्धिहरण करणे पुढे अनेकांच्या, विशेषतः निरोगी बालकांच्या, मृत्यूस कारण झाले. ब्रिटनमध्ये २००० मधील शासकीय अहवालानंतर अशा उपचारास केवळ अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच अनुमती देण्यात आली व २००२ च्या आरंभापासून दंतचिकित्सालयांतील ही प्रथा बंद झाली. वायूंची अदलाबदल टाळण्याची युक्तीही अभ्यासण्याजोगी आहे. लहान सिलिंडरांच्या जोडणीवर वायूगणिक ठराविक स्थानी खुंट्या व छिद्रे असतात (ऑक्सिजनासाठी स्थाने २ व ५, नायट्रस ऑक्साइडासाठी ३ व ५). त्यामुळे एकाचे सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. आधुनिक यंत्रात मिश्रणातील ऑक्सिजन ३० टक्क्यांहून कमी होऊ शकत नाही. येथे दक्षतेचे काम धातूच्या खुंटीवर सोपविलेले असते, ती थकत नाही व घाईत नसते.

संक्रामण : मुखात असंख्य सूक्ष्मजंतू असतात आणि दंतवैद्याची उपकरणे लाळ व रक्त यांनी माखतात. जॉन बॉर्डन यांनी १९५७ मध्ये प्रचारात आणलेल्या वायुचलित छिद्रकामुळे (एअरोटर) काम वेगवान झाले. तथापि हे यंत्र थांबताना मुखातील द्रव किंचित आत शोषून घेते. म्हणून ते केवळ बाहेरून पुसणे निरर्थक असते. प्रत्येक रुग्णानंतर ते वाफेच्या दाबपात्रात (ऑटोक्लेव्ह) निर्जंतुक करावे लागते. यासाठी १२१° से. तापमानास किमान १५ मिनिटे किंवा १३४° से.ला किमान ३ मिनिटे वाफ प्रत्यक्ष उपकरणास लागावी लागते. उपकरणे उकळण्याची एके काळची पद्धत पुरेशी नाही, कारण उकळत्या पाण्यात जंतूंचे बीजाणू (प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणारी रूपे) जगतात. पाकिटावरील रंग बदलणारी पट्टी पाकिटाला उष्णता लागल्याचे सांगते, आतले उपकरण निर्जंतुक झाल्याचे नव्हे. त्याची खात्री उष्णतासह जंतूंच्या बीजाणूंची चाचणी नियमितपणे घेऊनच होते.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील एका दंतवैद्याच्या रुग्णांना एड्सचा विषाणू त्याच्या चिकित्सालयात लागल्याचे १९९० मध्ये जाहीर झाले. अशा रुग्णांची संख्या अखेर सहा भरली. नेमका मार्ग कधीच सिद्ध झाला नाही. त्या घटनेने हातमोजे व निर्जंतुकीकरण यांविषयीचे आग्रह मात्र जगभर वाढले. ब-प्रकारच्या यकृतशोथाचा विषाणू त्याहून कितीतरी सहज पसरतो. त्यावरील लस १९८० नंतरच्या दशकापासून उपलब्ध असून ती दंतवैद्य व साहाय्यक दोघांनीही घेणे आवश्यक आहे.

पाणी हा दुर्लक्षित राहिलेला मार्ग होय. खुर्चीतील बारीक नळ्यांत पाणी रात्रभर साचून राहते व नळ्यांच्या आतील बाजूस जंतूंचा चिकट थर वाढतो. इटलीत २०११ मध्ये एका ८२ वर्षांच्या स्त्रीस अशा पाण्यातून लीजनेला जंतूचा न्यूमोनिया होऊन मृत्यू आला. अमेरिकेत जॉर्जियात २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे २०१६ मध्ये दुधाच्या दाढांतील दंतमज्जेवर (दाताच्या पोकळीतील मऊ भागावर) उपचार झालेल्या बालकांना पाण्यातील मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जंतूची बाधा झाली. काहींचे जबड्याचे हाड व कायम दातांच्या कळ्या काढाव्या लागल्या. रुग्णागणिक २०–३० सेकंद पाणी वाहू देणे, नळ्यांत जंतुनाशक वापरणे व पाण्याची चाचणी करणे, हे उपाय आहेत. हाड किंवा दंतमज्जा उघडी पडणार असेल, तर नळातील पाणी न वापरता निर्जंतुक द्रवच वापरावा लागतो.

निर्जंतुक द्रव वापरला म्हणजे काम भागले, असेही नाही, हे तमिळनाडूतील वाणियंबाडी येथील घटनेवरून दिसून येते. राज्याच्या उत्तर भागात जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात मेंदूच्या मेलिऑयडोसिसाचे २१ रुग्ण आढळले. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या, माती व पाण्यात राहणाऱ्या जंतूमुळे हा रोग होतो. रोग मेंदूपर्यंत पोहोचणे एरवी विरळाच. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील वैद्य आणि साथरोगतज्ञ यांनी शोध घेता २१ पैकी १० जणांनी एकाच दंतचिकित्सालयात उपचार घेतल्याचे निष्पन्न झाले व त्या दहांपैकी आठ दगावले. तेथे लवणविद्रावाची बाटली हिरडी हाडापासून सुटी करण्याच्या उपकरणाने उघडीत, सैलसर बंद करून ठेवीत व तोच द्रव पुढील रुग्णांसाठी वापरीत. वापरातील बाटलीत त्या जंतूचा पुरावा मिळाला. मुखातून तंत्रिकांच्या वाटेने जंतू थेट मेंदूकडे गेले असावेत, असा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढला आहे. बाटली कारखान्यातून निर्जंतुकच आली होती. काही रुपयांचा द्रव वाया जाऊ नये, ही काटकसर अनेक लहान चिकित्सालयांत अंगवळणी पडलेली असते आणि बहुतेक वेळा तीतून काहीच घडत नाही. म्हणूनच ती टिकते. बधिरकाच्या ३० मिलि.च्या बहुमात्रा कुपीत वापरलेली सुई पुन्हा घालणे ही सवय याच जातीची होय. लहान बाटल्या वापराव्यात, उघडल्याची वेळ लिहावी व उरलेला द्रव रुग्णासमवेतच संपवावा, म्हणजे ओतून द्यावा.

व्यवस्था व कायदा : ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांची मीमांसा करताना संरक्षणाच्या प्रत्येक थरात काही छिद्रे असतात व ती एका रेषेत आली म्हणजे दुर्घटना घडते, असे दाखविले. दंतवैद्यकात थर मुळातच थोडे असल्याने ते हेतुतः निर्माण करावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पडताळा-सूची तयार केली. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात ती सक्तीची केल्यावर १०१ रुग्णालयांत लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१४ मध्ये आढळले. कामानंतर एकट्याने खुणा करून भरलेला कागद आणि कामापूर्वी दोघांनी मोठ्याने केलेला पडताळा यांत फरक आहे, हे त्यामागील एक कारण असावे. दंतवैद्याकडील सूची पाच-सहा ओळींहून मोठी असू नये. साहाय्यकास ‘डॉक्टर, थांबा’ असे म्हणण्याची मुभा नसेल, तर सूची असून उपयोग नाही आणि आपल्याकडील श्रेणीबद्ध वातावरणात हीच बाब सर्वांत अवघड आहे. ऑक्सिजन, ॲड्रेनॅलीन, ग्लुकोज, ॲस्पिरीन व श्वासमार्ग रुंदावणारी औषधे चिकित्सालयात हाताशी असावी लागतात व त्यांच्या मुदती तपासाव्या लागतात. तीव्र ॲलर्जीत प्रौढास ॲड्रेनॅलिनाचे ०.५ मिग्रॅ. मांडीच्या स्नायूत टोचतात. ही मात्रा पुस्तकात शोधण्यास त्या वेळी सवड नसते.

भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने भारतीय दंतवैद्यक परिषद स्थापन झाली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये अधिनियम केला. सुया व दूषित कापूस यांची रंगनिहाय विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ठरवून दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील निर्णयानुसार मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. एका उपचारास दिलेली संमती दुसऱ्या उपचारास लागू होत नाही, असे न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. त्यानुसार किडलेली दाढ काढण्यास दिलेल्या संमतीत शेजारची दाढ येत नाही, जीवावर बेतण्याचा प्रसंग वगळता. केवळ निर्णय चुकला म्हणून वैद्य फौजदारी गुन्ह्यास पात्र होत नाही, त्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असे २००५ च्या निकालात म्हटले आहे.

चूक घडल्यास ती रुग्णास त्याच दिवशी, समजेल अशा भाषेत सांगणे आणि दुरुस्तीचा मार्ग दाखविणे हे कर्तव्य आहे. चुकीने उपटलेला निरोगी दात मुळास स्पर्श न करता त्वरित खाचेत परत बसवून शेजारच्या दातांना बांधल्यास अनेकदा टिकतो. जितकी मिनिटे लोटतील, तितकी मुळावरील कोशिका जगण्याची शक्यता कमी होते. दात अर्धा तास कोरड्या तबकात पडून राहिला, तर चूक कबूल करूनही ही संधी हाती राहत नाही.